डाख

पहाटे साडेतीनला मिरेया घराबाहेर पडते,
पुलाच्या रांगेत उभी राहते, पलीकडे एल पासोत
कुणाकुणाच्या हॉटेलातल्या चादरी बदलायला.
त्यामुळे डबा माझ्याकडे.

मला स्वयंपाक येत नाही, हे आधीच सांगतो.
चाळीस वर्षं मी रेडिएटर दुरुस्त केले,
इथेच, ह्वारेसमध्ये, रेल्वेफाटकाजवळच्या गाळ्यात.
पितळेला डाख द्यायचा, एवढंच या हातांना ठाऊक.
पण केसादियाला तरी दुसरं काय लागतं?
दोन कडा, आच,
आणि मधे वितळून धरून ठेवणारं काहीतरी.

सहा पन्नास.
तवा आधी तापू द्यायचा, कोरडाच.
तेलाचा थेंब पडला तर दुपारी डब्यात तिला घाम फुटतो.
टॉर्तिया मैद्याची; मक्याची तोवर वातड होते.
राजधानीत म्हणे केसादिया मागितली
की विचारतात, चीज घालू का?
विचारोत बापडे.
आम्हा उत्तरेकडच्यांना असले प्रश्न पडत नाहीत.

चीज मेनोनाइटांचं.
कुआउतेमोकहून शनिवारी येणारा तो उंच,
लालबुंद कानांचा माणूस
आठ वर्षांत माझ्याशी किलो आणि पेसो याखेरीज बोललेला नाही.
फक्त एकदा, माझी बायको गेली त्या आठवड्यात,
पाव किलो जास्त तोललं
आणि काट्याकडेच बघत राहिला.

किसत बसायला वेळ कुठला. बोटांनी तोडायचं,
अर्ध्या टॉर्तियावर पसरायचं, कडेला बोटभर जागा सोडून.
तरी थोडं बाहेर येतंच, तव्यावर त्याची खरपूस जाळी होते.
ती माझी. उभ्याउभ्या खातो. तेवढीच मजुरी.
घडी. तळहाताचा हलका दाब.
मग कान द्यायचा:
आधी चुरचुर, चुरचुर, आणि मग गप्प.
डाख बसतानाही असंच होतं.
गप्प झालं की उलटायचं.

यारेली टेबलाशी. एका पायात मोजा,
दुसऱ्याचा पत्ता नाही.
सप्टेंबरपासून नवी शाळा, आणि तेव्हापासून रोज एकच,
"कापू नकोस, ताता. अख्खी दे."
अख्खी, फॉइलमध्ये गुंडाळलेली, एका हातात मावेल अशी.
म्हणजे चालता चालता खाता येते,
भिंतीच्या कडेकडेनं,
कुणाशेजारी बसायची वेळ न येता.

हे तिनं सांगितलेलं नाही.
रेडिएटर तरी कुठं सांगतो, कुठून गळतोय ते?
पाण्यात बुडवून धरायचा
आणि बुडबुड्याची वाट बघायची.
सात आठवडे मी धरून बसलो होतो.

आज फॉइल फाडत होतो, तर म्हणाली,
"चार कर."
"चार केसादिया?"
"चार तुकडे. एकीचेच."

सुरी कुठं ठेवलीय तेच आठवेना.
सापडली. कापली.
तुकडे वेगळे झाले तरी मधल्या तारा तुटेनात,
बोटाला गुंडाळून तोडाव्या लागल्या, चटका बसला,
बरा वाटला.
कोण आहेत, किती जणी, नावं काय,
जिभेवर आलेलं सगळं मी गिळलं
आणि घाईघाईनं दुसरी टॉर्तिया तव्यावर टाकली.

"नको," ती म्हणाली. "जास्त नेली
तर मुद्दाम आणल्यासारखं दिसेल."

खरंच की.
गॅस बंद केला. तव्यावरची जाळी उलथन्यानं खरवडली
आणि आज तीही, तिची पाठ असताना,
तुकड्यांवर ठेवून डबा लावला.

दाराशी तिनं झाकण उघडून पाहिलं.
पाहणारच.
जाळी उचलून माझ्या तळहातावर ठेवली,
"ही तुझी असते ना,"
आणि एकाच मोज्यावर दोन्ही बूट चढवून
बस पकडायला पळाली.